रोजची एक काडी

मी बंब बोलतोय. तांब्याचा, तीन पायांचा, पोटात नळी आणि खाली जाळी. शेकायचं तर खुशाल बस, पण माझ्या तोटीला हात लावू नकोस. तोटीला हात लावणारी माणसं मी ओळखून आहे. आधी तोटी फिरवून बघतात, मग बोटाने वाजवून तांबं किती जाड ते बघतात, आणि मग मालकिणीला हळूच विचारतात, "मोडीत काढायचाय काय हो?"

मी संशयी आहे. उगाच नाही झालो.

माझा जन्म पेणचा. तांबटाने अंगभर ठोकून ठोकून मला गोल केलं. त्या माराचे वळ अजून अंगावर आहेत, लोक त्याला नक्षी म्हणतात. पहिलं घर मिळालं ते मिठागरवाल्या एका शेठाचं. बारा हिवाळे मी त्याची पोरं न्हाऊ घातली. मग एकदा तोटीपाशी ठिबकायला लागलो. थेंब थेंब, जास्त नाही. तेवढ्यावर शेठाणीने मला गोठ्यात टाकलं आणि माझ्या पोटात गुरांची पेंड भिजवली. आता सांग, बंबात कोण पेंड भिजवतं?

धोंडुबाईचा बाप त्या मिठागरावर कामाला होता. त्याने मला मागून घेतलं, तोटीला डाग देऊन गळती बुजवली, चिंचेने घासून लखलखीत केलं आणि लेकीच्या लग्नात दिलं. पेणहून एसटीच्या टपावर बसून निघालो. वडखळ गेलं, नागोठणं गेलं, रोह्याच्या अलीकडे कुंडलिकेच्या काठी अष्टमीत उतरलो. नवरदेव महिपती दारात उभा. बायकोकडे बघायच्या आधी त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "गळतो काय?"

तिथंच मला तो पटला. माझ्याच वळणाचा माणूस.

पुढे धाटावला कंपन्या निघाल्या आणि महिपती एका कंपनीत चिकटला. पहिली शिफ्ट असली की पहाटे उठून परसात मला पेटवायचा. पाणी धोंडुबाईने भरायचं, करवंट्या आणि ढलप्या तिनेच आणून ठेवायच्या, पण काडी महिपतीची. नळीत वरून करवंट्या सोडायच्या, खाली कागद लावायचा आणि एका काडीत पेटवायचं. दुसरी काडी ओढावी लागली तर त्याचा दिवस वाईट जायचा. वीसेक वर्षं असं चाललं.

पंच्याण्णवच्या दिवाळीला तो रिटायर झाला. आता त्याला कामं उरली दोन. मला पेटवणं आणि लोकांवर संशय घेणं. दोन्ही तो मन लावून करायचा.

मुलगा प्रविण डोलवीला पोलादाच्या कारखान्यात. राहायला पेणला, दोन खोल्यांत. आयतवारी यायचा आणि दर खेपेला तेच म्हणायचा, "बाबा, घराला कुलूप लावा नि चला पेणला. उद्या काय झालं तर कोण हाय इथं?"

"तिकडं येऊन काय करू? ग्यालरीत बसून रिक्षा मोजू?" महिपती म्हणायचा. पण मनातून धसकलेला. म्हातारा कामाचा राहिला नाही असं एकदा ठरलं की उचलतील आणि नेतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि तो गेला की माझं काय होणार, हे मला ठाऊक होतं. पेंड.

शहाण्णवचा हिवाळा आला. शेजारी कमळाकर मास्तर, शाळेतून रिटायर झालेला. दोघांच्या परसात एक कमरेएवढी भिंत. एकदा दिवेलागणीला मास्तराने परसात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, वर पुन्हा पाला, मडकं उलटं करून भोवती जाळ. मडकं उघडलं तसे सगळे डोळे मिटून म्हणाले, "आहाहा, काय वास!"

महिपतीने डोळे मिटले. वास नाही. त्याने मडक्यात तोंड घातलं. गरम वाफ लागली, वास नाही. भांबुर्ड्याचा वास म्हणजे मेलेल्याला उठवणारा, आणि याच्या नाकाला त्याचा पत्ताच नाही.

"काय दादा, कसा हाय वास?" मास्तराने विचारलं.

"फसकलास," महिपती म्हणाला. म्हणजे फर्स्टक्लास म्हणायला गेला आणि जीभच वळली नाही. मास्तर हसला. "साठीला आलात, पण एक दात पडला नाय तुमचा. हेवा वाटतो बघा."

हेवा. महिपतीने तो शब्द घरी आणला आणि उशाशी घेऊन झोपला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यापुढे चोरून तपासण्या सुरू झाल्या. धोंडुबाई आत गेली की कनवटीतून काहीतरी काढायचा आणि माझ्या निखाऱ्यावर टाकायचा. एक दिवस कांद्याची सालं. एक दिवस कापूर. एक दिवस उद. नाक पुढे करायचा, भाता फुंकल्यासारखा श्वास ओढायचा आणि तोंड पाडून बसायचा. नाक कशाने गेलं? कंपनीने, तंबाखूने की वयाने, मला काय ठाऊक? मी बंब आहे, डॉक्टर नाही. पण महिपतीला उत्तर मिळालं होतं. दृष्ट! मास्तराची दृष्ट.

आणि दृष्ट ओळखायची रीत सगळ्या आळीला ठाऊक आहे. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या ओवाळायच्या आणि विस्तवात टाकायच्या. मिरच्यांचा खाट सुटला तर दृष्ट नाही. वासच आला नाही, तर समजायचं जबर दृष्ट.

आता मला सांग, ज्याला वासच येत नाही त्याने ही परीक्षा घ्यावी काय?

पण त्याला सांगणार कोण? त्याने पाच मिरच्या घेतल्या, स्वतःच्याच डोक्यावरून स्वतःच ओवाळल्या, "आल्यागेल्याची, शेजारच्याची पाजारच्याची" असं पुटपुटला आणि माझ्या नळीत टाकल्या. धूर नळीतून वर गेला. पहाटेचा वारा नदीकडून यायचा, तो धूर उचलून सरळ भिंतीपलीकडे न्यायचा. वास नाही. महिपतीने मान हलवली. जबर हाय.

तेवढ्यात भिंतीपलीकडे मास्तर खोकायला लागला. असा खोकला की कावळे उडाले.

महिपतीचे डोळे चमकले. "बघ," तो मला म्हणाला, "ज्याची लागली त्यालाच उलटली."

दुसऱ्या दिवशी सात मिरच्या. मग नऊ. रोज सकाळी इकडे मिरच्या आणि तिकडे खोकला. एवढा भक्कम पुरावा कोर्टात पण मिळत नाही.

पण इकडे घरातच काहीतरी शिजत होतं. आधी काडेपेटी नाहीशी झाली. कोनाड्यातली जागा रिकामी. महिपती पहाटे उठला तर धोंडुबाई त्याच्या आधीच उठून मला पेटवून बसलेली.

"काडी कुठं हाय गो?"

"संपली. शेवटची होती."

दुसऱ्या दिवशी पण शेवटचीच होती. तिसऱ्या दिवशी पण. महिपती माझ्यासमोर पाटावर बसून तिच्या पाठीकडे बघत राहिला. काडी काढून घेतली. कंपनीत पण माणसाला घरी पाठवायच्या आधी असंच एकेक काम काढून घ्यायचे.

मग ती भलतेच प्रश्न विचारायला लागली. "आज आमटीत काय टाकलंय, वळखा?" महिपती सावध. आयतवार म्हणजे सुकट, बुधवार म्हणजे वाल, असं वारावरून ठोकून द्यायचा. ती म्हणायची, "बरोबर." पण असं म्हणताना त्याच्या नाकाकडे बघायची. तो तिच्या डोळ्यांकडे बघायचा. मधे ताट.

मिरचीचा डबा खाली जात होता, तो तिच्याही नजरेत आला. भांडी घासायला माझी राख काढली तर राखेत मिरच्यांचे जळके देठ. ती ते देठ हातात धरून कितीतरी वेळ बसली. "हा माणूस माझ्यावर करणी करतोय काय?" ती स्वतःशीच म्हणाली. छत्तीस वर्षांचा संसार, आणि दोघं एकमेकांकडे नवख्या भाडेकरूसारखे बघत होते.

एका आयतवारी प्रविण आला आणि मायलेक माझ्यापाशी उभं राहून कुजबुजले.

"आये, बाबांना सांगितलंस?"

"नाय रे. मनाला लावून घेतील. तू पेणच्या डाक्टरला इचारून ठेव. आनि पुढल्या आयतवारी तो गिझर घेऊनच ये. मना रोजचा घोर नको."

गिझर! मी आतून थंड पडलो. शेठाचा गोठा डोळ्यांपुढे आला. न्हाणीच्या दाराआड महिपती उभा होता. त्याला 'पेण' तेवढं ऐकू आलं आणि त्याचा चेहरा माझ्या राखेसारखा झाला. त्या सकाळी आम्ही दोघं एकमेकांकडे बघून काय समजायचं ते समजलो.

आठवडाभर तो कोणाशी नीट बोलला नाही. पुढचा आयतवार उजाडला. प्रविण पहिल्या गाडीने आला, खांद्यावर भलं मोठं खोकं. महिपतीने खोकं बघितलं आणि त्याचं टाळकं फिरलं. आता एकच उपाय. दृष्ट उतरली की नाक येईल, नाक आलं की काडी येईल, काडी आली की पेण टळेल. त्याने डब्यात उरल्या होत्या तेवढ्या मिरच्या मुठीत घेतल्या. एकवीस होत्या, मी मोजल्या. ओवाळल्या आणि माझ्यात ओतल्या.

त्या दिवशी वारा पडला होता. पानसुद्धा हलत नव्हतं.

धूर वर गेला आणि तिथंच बसला. मग खाली उतरला. पहिला ठसका धोंडुबाईला लागला, धुण्याचा पिळा तिच्या हातातून पडला. प्रविण खोकं टाकून डोळे चोळत परसाच्या टोकाला पळाला. मांजर भिंतीवरून गेलं ते परत आलंच नाही. भिंतीपलीकडून मास्तर नाकाला पंचा लावून उभा राहिला.

"महिपतीदादा! अहो, पंधरा दिवस झाले, रोज पहाटे काय जाळताय काय? मी रोह्याला जाऊन छातीचा फोटो काढून आलो! डॉक्टर म्हणतो, फुप्फुस साफ हाय!"

सगळी आळी खोकत होती. आणि मधोमध माझ्यासमोर पाटावर महिपती बसलेला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्याने जाळावर ढकललं. नाकाने मात्र काहीच कळवलं नव्हतं.

"कुठं काय?" तो म्हणाला. "मना तर काय वास नाय."

बोलला आणि थांबला. तोंडातून गेलेला शब्द काय परत येतो? त्याने मास्तराच्या पंचाकडे बघितलं, प्रविणच्या लाल डोळ्यांकडे बघितलं, धोंडुबाईकडे बघितलं. मिरच्या जळत होत्या. खाट सुटला होता. म्हणजे दृष्ट नव्हती. म्हणजे नाकच गेलं होतं.

धोंडुबाई पदराने तोंड पुसत त्याच्याजवळ येऊन बसली.

"ठाव हाय मना," ती म्हणाली. "मागल्या महिन्यात ग्यासची चावी उघडी ठेवलीत नि वर्तमानपत्र घेऊन शेजारीच बसलात. मी दळण घेऊन आले, दारातच वास लागला. तुमच्या हातात तंबाखूची डबी. बिडी असती तर?"

महिपतीने कनवटीतली डबी चाचपली.

"म्हणून काड्या लपवल्या. म्हणून आधी उठते. चोरी नाय केली कसली."

"मग बोलली का नायस?"

"तुमी का नाय बोललात?"

महिपतीने एक जळका देठ निखाऱ्यात ढकलला. मग महिपती माझ्या तोटीकडे बघत म्हणाला, "पेणला नेऊन टाकाल म्हणून."

"टाकाल?" धोंडुबाई उसळली. "तुमी काय मडकं हाव? नि मी जाते व्हय पेणला? त्या दोन खोल्यांत माझी सुकट कुठं वाळवू? पेणला डाक्टरला दाखवायचं म्हणत होते मी. एक दिवस. जायचं नि यायचं."

मास्तर भिंतीवर हात ठेवून उभाच होता. त्याला आता समजलं की तो पंधरा दिवस कशासाठी खोकला. "दादा, दृष्ट माझी धरलीत काय?" त्याने विचारलं. महिपती माझ्या नळीत करवंटी सोडायला वळला. पण त्या दुपारी वालाच्या शेंगांची पाटी भिंतीवर ठेवून आला. माफी मागणं त्याला जमत नाही, आणि शेंगा बऱ्या असतात.

पेणच्या डॉक्टरने नाकात बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, येईल तर येईल. म्हणजे येणार नाही.

गिझर लागला. न्हाणीत भिंतीवर पांढराशुभ्र लटकतो. मी समजलो, आपला कार्यक्रम झाला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे महिपती नेहमीप्रमाणे माझ्यासमोर पाटावर येऊन बसला. पेटवलं नाही, काही नाही, नुसता बसला. धोंडुबाईने दारातून बघितलं. आत गेली. परत आली ती करवंट्या घेऊन. कमरेच्या पिशवीतून काडेपेटी काढली, एक काडी त्याच्या तळहातावर ठेवली आणि पेटी परत पिशवीत.

"एकच," ती म्हणाली. "नि मी बसेपर्यंत वढायची नाय."

त्याला तीन हिवाळे झाले. रोज एक काडी. ती शेजारी बसते, तो ओढतो. तो विचारतो, "कसला वास हाय?" ती सांगते, "करवंटीचा. आनि मास्तराकडं भाकरी भाजतायत." तो करवंटीकडे बघून खात्री करतो, मग मान हलवतो. बायकोवर विश्वास आहे, पण तपासून.

काल गप्पांच्या नादात आत दूध उतू गेलं, करपलं. माझ्यापर्यंत वास आला. धोंडुबाईच्याही नाकाला लागला, ती अर्धी उठली.

"काय गो? कसला वास?"

ती त्याच्याशेजारी परत बसली, दूध करपू दिलं. "काय नाय," म्हणाली. "थंडी हाय."

मी कोणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

आता माझं तांबं काळं पडलंय, एक पाय वाकडा आहे, आणि जुना डाग पुन्हा ओलसर लागतो. ठिबकतोय असं म्हणू नकोस, ओलसर लागतो. ही दोघं आहेत तोवर माझी जाळी गरम राहू दे, एवढंच मागणं. शेकून झालं असेल तर ऊठ आता. आणि तो हात तोटीवरून काढ. मघापासून बघतोय मी.