कुडावरून पाहणारा डोळा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि मला राग आलेला आहे. भंगारात पडलोय म्हणून नव्हे. माझ्याकडून जे करवून घेतलं, त्याचा राग.

२००६ साली मी बिरवाडीला आलो. तिथल्या कुशाबांनी घरामागे चार खोल्या बांधून कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने दिल्या होत्या. शिमग्याला सगळे पालखीमागे गेले असताना त्यांचा विहिरीवरचा पंप चोरीला गेला. नवा पंप आला, त्याच्या राखणीला मी आलो. मला छपराच्या वाशाला ठोकलं आणि माझी वायर कुशाबांच्या ओटीवरच्या टीव्हीला जोडली. पंपावर नजर ठेवायची, एवढंच काम. मला त्याचा अभिमानही वाटला.

पण विहिरीला लागून भाडेकरूंची न्हाणी होती. चारी बाजूंनी शेणाने सारवलेला काठ्यांचा कूड, वर छप्पर नाही. वरून कोण बघणार, म्हणून कुणी घातलंच नव्हतं. आता वर मी होतो.

त्या भाडेकरूंतली गौतमी एका रासायनिक पावडरच्या कारखान्यात पॅकिंगला होती. ड्यूटी सुटली की अंगावरची पावडर धुतल्याशिवाय ती खोलीत पाय ठेवत नसे, नाहीतर अंगाची आग व्हायची. एकदा ती किल्ली मागायला ओटीवर गेली आणि टीव्हीवर तिला न्हाणीतला आपलाच तांब्या दिसला. समोर शेजारचा भिकू चहा पीत बसला होता. त्या दिवसापासून ती न्हाणीत गेली नाही. खोलीत ओल्या फडक्याने अंग पुसू लागली. हातांवर फोड उठले.

शेवटी तिने कुशाबांना विनवलं, कॅमेरा जरा पलीकडे वळवा. ते हसले. "चोरासाठी हाय गो तो. तुझ्या मनात काय नाय, तर घाबरतेस कशाला?"

"मनात काय नाय काका, तरी कूड लागतोच ना," ती म्हणाली. "तुमच्या मोरीला पण दार हाय."

उलट बोलते म्हणून कुशाबांनी तिला खोली सोडायला लावली. ती वरंधला माहेरी गेली. तिथून रोजचं येणं-जाणं जमेना, नोकरी सुटली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मला स्वतःची मान वळवता येत नव्हती.

पुढच्या आठवड्यात त्या खोलीत सुनील नावाचा जाडजूड ऑपरेटर आला. न्हाणीत पहिलाच तांब्या अंगावर घेताना त्याने वर बघितलं आणि टॉवेल गुंडाळून तडक ओटीवर गेला. "कुशाबा, मला लाज वाटते. तेवढा फिरवा तो."

कुशाबांनी लगेच शिडी लावली. एक स्क्रू सैल केला, मला वीतभर फिरवलं आणि स्क्रू आवळला. कपातला चहा निवायच्या आत काम झालं. पंप तर आता पहिल्यापेक्षा नीट दिसत होता.

मित्रांनो, आमच्यासारखे डोळे आता गावोगाव लागतील. लावा, चोर पकडा. पण आधी स्वतः शिडीवर चढून बघा, तिथून कोणाचं काय दिसतं. आणि एखादी बाई म्हणाली, फिरवा, तर तिच्या मनात काय आहे ते विचारत बसू नका. स्क्रू फिरवा.