मध्यंतराआधी मेलेली वाघीण

मित्रांनो, मी वाघिणीचा मुखवटा, कागदाच्या लगद्याचा आणि आता बराच जुना. इंदुरीच्या श्रीपतीआबांनी मला जत्रेतल्या सोंगासाठी घडवलं. आमच्याकडे सोंग संपलं की आतलं माणूस गावासमोर मुखवटा उतरवतं आणि घरची बाई त्याला ओवाळते. तोवर ओळख पटली तरी कुणी नाव घेत नाही.

लोणावळ्याजवळ एका कादंबरीवरून अद्भुतरम्य सिनेमा निघाला, तेव्हा आबांची नात रेणुका मला घालून वाघीण झाली. गोष्ट अशी की, वाघीण राजपुत्राला पुन्हा पुन्हा वाचवते, शेवटी त्याच्यावरचा बाण स्वतः झेलते आणि मरताना मुखवटा काढते. ती त्याची हरवलेली बहीण असते. त्या एका प्रसंगासाठी रेणुका दिवसभर उन्हात तापली. घामाने मी आतून ओलाचिंब झालो. तिने मला उतरवलं तेव्हा दिवे धरणारी माणसंही गप्प झाली. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

सिनेमा लागला. रेणुकाची आई सरूबाई पदराखाली ओवाळणीचं ताट झाकून तळेगावच्या थिएटरात बसली. मी रेणुकाच्या मांडीवर.

आणि वाघीण पहिल्याच मारामारीत मेली! सुरुवात थंड वाटते म्हणून सिनेमा जोडताना कुणा शहाण्याने शेवटचा बाण पुढे आणला होता. राजपुत्राला एकदाही न वाचवता, मुखवटा न काढता मेली बिचारी. मध्यंतरानंतर तीच डोंगरावरून आरामात चालत गेली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, "आरं, मेलती ना ही?"

सरूबाईचा जीव मात्र भांड्यात पडला. "बघ, हाय ना जित्ती! आता काढंल मुकवटा."



शेवटी राजपुत्र "ताई, ताई" करत रडला. कोण ताई, कुणाला कळेना. लोक हसत उठले. दिवे लागले तरी सरूबाई हलेना.

"आगं, पन तुजं त्वांड कुटं दावलं?"

"न्हाई दावलं, आये. चल."

यंदा रेणुकाने सोंग घेतलं नाही. मी माळ्यावर पडून आहे. उंदरांनी माझा एक कान खाल्ला, दुसराही फार दिवस टिकणार नाही. मित्रांनो, दुसऱ्याची गोष्ट हातात घ्याल, तेव्हा कोण कधी येतं आणि कधी जातं ते सांभाळा हो. त्यात कुणीतरी जीव ओतलेला असतो. माझी धूळ नाही झटकलीत तरी चालेल. पण इंदुरीला आलात तर रेणुकाला एकदा विचारा, ती वाघीण मेली तरी कशासाठी? अजून कुणी विचारलेलं नाही.