डॉलरवरचा अंगठा

तुमचा उजवा अंगठा जरा डोळ्यांसमोर धरा. त्यावरच्या बारीक रेघा दिसताहेत? आता समजा, त्या रेघांवरून दोऱ्याएवढा एक तिरका व्रण गेला आहे. हा अंगठा मुठीत आणि मूठ फ्रॉकच्या खिशात दडवून तुम्ही नाण्यांच्या दुकानात उभे आहात, आणि गल्ल्यापलीकडच्या बाईंनी दिवा नुकताच जवळ ओढला आहे. झालं, तुम्ही धाकटीच्या जागी आलात.

बाईंनी हातांत पातळ सुती मोजे चढवले. ताईनं पुढे केलेल्या निळ्या पेटीतून त्यांनी एक चपटी, गोल, पारदर्शक डबी काढली आणि ती न उघडताच दिव्याखाली धरली. आत एक डॉलरचं नाणं होतं. सोनेरी, आणि असं लखलखीत की त्यात बाईंच्या चष्म्याची काडी दिसत होती.

"सोन्याचं आहे का?" ताईनं विचारलं.

"छे. पितळेचा भाऊबंद," बाई म्हणाल्या. "पण खास जपून ठेवणाऱ्यांसाठी काढलेलं. साचासुद्धा आधी आरशासारखा घासतात."

हे नाणं मामानं आणलं होतं. मामा बोटीवर नोकरीला, वर्षा-दोन वर्षांनी उगवायचा. ताई वर्गात पहिली आली म्हणून तिला हा डबीतला डॉलर मिळाला. धाकटी दारात उभी आहे हे त्याच्या नंतर लक्षात आलं. मग त्यानं खिसा चाचपला, किल्ल्यांबरोबर घासून मळलेला दुसरा डॉलर काढला आणि म्हणाला, "हे घे, तुला पण."

ते 'पण' धाकटीला कुसळासारखं टोचलं. तिच्या वाट्याला जे यायचं ते या 'पण'ला धरूनच यायचं. ताईचा फ्रॉक आखूड झाला की तुला पण. फोटोत ताई मधोमध बसली की, ये, तू पण ये. मामाच्या बोटीवर म्हणे दोरखंड तोडणारे लोक होते. हा दोन अक्षरांचा दोरा तेवढा कोणाला तुटत नव्हता.

म्हणून एका दुपारी, ताई अंघोळीला गेली असताना, धाकटीनं ती डबी उघडली. नाण्याच्या आरशात तिला आपलंच तोंड दिसलं. तिळपापड झालेलं, नाक फेंदारलेलं. तिनं त्या तोंडावरच अंगठा दाबला. अंगठा उचलल्यावर काहीच दिसेना. नाणं होतं तसंच हसत होतं. तिनं डबी मिटली, आणि हळूहळू ती गोष्ट विसरली सुद्धा. आज दुकानात शिरताना मात्र ती आठवली आणि अंगठा मुठीत गेला.

आता ताईला आकाशातले तारे पाहायला दुर्बीण हवी होती. चौकातल्या दुकानात एक जुनी, बऱ्या अवस्थेतली होती. डॉलर विकून ती येईल, असा ताईचा हिशेब. सोबत म्हणून ती धाकटीला घेऊन आली होती. येताना म्हणालीही होती, तुझं पण नाणं घे, दाखवू.

बाई बराच वेळ नाणं फिरवून पाहत राहिल्या. मग त्यांनी नुसतं "हं" केलं. डॉक्टर करतात तसं.

अशी नवी नाणी ढिगानं निघतात, त्यांनी समजावलं. त्यामुळे बिनडागी असेल तरच हौशी माणसं चार पैसे जास्त देतात. याला डाग आहे. घामाचा. घाम धातूत सावकाश मुरतो, आज लागला तर महिन्यांनी तपकिरी होऊन वर येतो.

"पुसला तर?" ताईनं विचारलं.

"पुसलास तर ओरखडे. मग तर कोणी हातही लावणार नाही." बाईंनी डबी खाली ठेवली. "यात दुर्बीण नाही यायची, बाळ. दुर्बिणीचा पट्टा आला तर आला."

ताईनं मान हलवली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रडू आवरताना त्या नेहमी तशा होत.

मग बाईंनी धाकटीचं नाणं घेतलं, उलटंपालटं केलं, कडेवरची अक्षरं वाचली आणि परत दिलं. "हे बाजारात फिरलेलं. एका डॉलरचा एक डॉलर."

"म्हणजे आता दोन्ही सारखीच?" धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

"जवळजवळ."

हेच तर तिला हवं होतं. ती आनंदाची वाट पाहू लागली. शिंक येते येते म्हणावी आणि येऊ नये, तसं झालं.

बाईंनी आता मोठं भिंग ओढून नाण्यावर आणलं आणि मुलींकडे वळवलं. "पण मला सांगा, हा अंगठेबहाद्दर कोण?"

भिंगाखाली डाग पसरला आणि त्याच्या रेघा झाल्या. एकीत एक गोल गेलेल्या, तपकिरी. आणि त्यांना मधून कापत गेलेली एक तिरकी, कोरी वाट.

पेन्सिलीच्या टोकयंत्राचं पातं धाकटीच्या अंगठ्यात घुसलं, तेव्हा घरात मोठं कोणी नव्हतं. ताईनंच हात नळाखाली धरला होता. ताईनंच चिंधी बांधली होती आणि पुढे आठवडाभर रोज सोडून पाहिली होती. त्या व्रणाची वळणं ताईला धाकटीपेक्षा पाठ होती. ती भिंगात पाहत राहिली. धाकटीकडे तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"माझाच आहे," ताई म्हणाली. "मला राहवलं नाही. मीच उघडली होती डबी."

धाकटी सुटली. आता घरी जायचं आणि मूग गिळून बसायचं.

तेवढ्यात बाईंनी मोजे उतरवले आणि गल्ल्यावरून हात लांब करून ताईच्या डोक्यावर ठेवला.

"नाण्याचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "स्वतःची चूक अशी सरळ सांगणारी माणसं मला या दुकानात फार भेटत नाहीत. बंदा रुपया आहेस तू." मग त्यांना धाकटीची आठवण झाली. हसून त्या म्हणाल्या, "आणि तू पण, छोटीबाई."

धाकटीचं तोंड तापलं. अंगठा तिचा, डाग तिचा, इतके महिने पोटात ठेवलेलं पापही तिचंच. आणि बंदा रुपया ताई.

तिनं खिशातून हात काढला. गल्ला उंच होता, म्हणून तिनं टाचा उचलल्या. मूठ उघडून तिनं आपला घामेजलेला अंगठा गल्ल्याच्या काचेवर, ताईच्या डॉलरच्या शेजारी ठेवला, चांगला दाबला, आणि मग भिंग स्वतःच ओढून त्यावर आणलं.