डोंगर फुगत असताना ओढलेली सरळ रेघ

मित्रांनो, मी एक जुना भूकंपमापक आहे. एका ज्वालामुखीसमोरच्या टेकडीवर, दगडी खोलीत मी बावीस वर्षे काढली. जमिनीचा धक्का मुंगीलाही कळणार नाही इतका बारीक असला, तरी मी तो हजारो पटींनी मोठा करून माझ्या लेखणीने कागदावर उमटवत असे.

मला सांभाळायला एक निरीक्षक बाई होत्या. धूळ येऊ नये म्हणून त्या चपला दाराबाहेर काढत, रोज सकाळी कागद बदलत आणि लेखणीचे टोक मऊ फडक्याने पुसत. पाहुणे आले की वेधशाळेचे मोठे साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "हा आमचा हिरा!" मी सुखावून जाई.

मग एका वर्षी डोंगराच्या पोटातला वितळलेला खडक वर सरकू लागला. दिवसाचे चार धक्के चाळीसवर गेले. बाईंनी इशारा दिला आणि साहेबांनी पायथ्याचे गाव रिकामे केले. लोक दोन आठवडे तंबूत राहिले, पण डोंगर गप्प बसला. गावाने साहेबांचे नाव 'भूकंपराव' ठेवले. ते दिसले की पोरेसोरे ओरडत, "भूकंपराव आले, बिऱ्हाड आवरा!"

पुढच्या वर्षी धक्के पुन्हा सुरू झाले, दिवसाला दोनशे, आणि रोज आधीच्यापेक्षा कमी खोलीवरून. जमिनीचा कल मोजणारे शेजारचे यंत्रही सांगत होते, की डोंगराची कूस फुगते आहे. गावात बाईंचा धाकटा भाऊ राहत होता. बाईंच्या सांगण्यावरून त्याने सामान टेम्पोत भरले.

त्याच दिवशी साहेब मिस्त्रीला घेऊन आले.

"बाई, पुन्हा माझं हसं करायचंय का?"

"हसू द्या की, साहेब. जिवंत माणसंच हसतात."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "खोलीची किल्ली द्या. तुमची बदली झाली. उद्यापासून शहरातल्या कचेरीत." बाई गेल्यावर त्यांनी मिस्त्रीला माझ्या पाठीवरचा खटका दाखवला. धक्का किती मोठा करून लिहायचा, ते त्या खटक्यावर ठरते. "हा पार खाली आण."

मिस्त्री चाचरला. "मग धक्का आला तरी रेघ सरळच दिसेल, साहेब."

"मग? कळलं ना?"

त्याने खटका खाली ओढला. पायाखाली जमीन कण्हत होती आणि मी सरळ रेघ ओढत होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गावकऱ्यांना माझ्यासमोर उभे केले. त्यांत बाईंचा भाऊही होता. तो वाकून कागद पाहत म्हणाला, "सकाळीच ताईचा फोन आला होता, गाव सोड म्हणून. बदली झाली म्हणून चिडलीय ती. पण हे यंत्र कधी खोटं बोलत नाही, असं तीच सांगायची." तो खाली गेला आणि त्याने टेम्पो रिकामा केला.

चौथ्या दिवशी दुपारी डोंगराची कूस फुटली. तापलेली राख आणि दगड गावावर उतरले. चार मिनिटांत सगळे संपले. भाऊ, त्याची बायको, दोन मुली, कोणीच सापडले नाही.

चौकशीत साहेब म्हणाले, "यंत्राने दगा दिला." मिस्त्रीने मान खाली घालून सांगितले, "जुनं झालं होतं ते." 'मी इशारा दिला होता' हे बाईंचे बोलणे रागावलेल्या बाईचे ठरले.

आता मी संग्रहालयात काचेआड असतो. शिक्षक मुलांना सांगतात, "याच्या चुकीमुळे गाव गेलं." मुले मला वाकुल्या दाखवतात. एकदा बाई आल्या होत्या. त्या काचेजवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्याने माझं ऐकलं नाही. तुझं ऐकलं."

मित्रांनो, यंत्राला तेलपाणी करणे, त्याची धूळ पुसणे सोपे आहे. तेवढ्याने काळजी घेतली असे होत नाही. तुम्ही मोठे झाल्यावर कोणी तुम्हाला एखादी छान, शांत, सरळ रेघ दाखवील. तेव्हा हायसे वाटून घेण्याआधी त्याला एवढेच विचारा, की कालपर्यंत इथे कागद बदलणारे माणूस आज कुठे आहे?