खाल्ल्या खजुराला जागून

खैरुद्दीन परकारांनी चौथ्यांदा हिरवं बटण दाबलं, तेव्हा त्यांच्या हातातला अर्जही चौथ्यांदाच परत आलेला होता.

खरं तर ते घरून लाल दाबायला निघाले होते. परवानग्यांच्या त्या कार्यालयात प्रत्येक काउंटरवर एक छोटा स्क्रीन असे. त्यावर तीन चेहरे: हिरवा हसरा, पिवळा गप्प, लाल रडका. आमची सेवा कशी वाटली, असं खाली तीन भाषांत विचारलेलं. काम झालं नाही तर लाल दाबायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण काउंटर नंबर सातवर शम्मा नावाची मुलगी बसे. ती आधी कहवा द्यायची, मग खजुराची बशी पुढे करायची, मग "चाचा, घुटना कैसा है?" असं विचारायची, आणि शेवटी हळहळत अर्ज परत द्यायची. एवढं झाल्यावर लाल दाबणं म्हणजे लग्नात पोटभर जेवून नवरदेवाला शिव्या देण्यासारखं होतं. खैरुद्दीननी हिरवा दाबला, वर "अल्ला तुला सुखी ठेवो" म्हणाले आणि बाहेर येऊन गाडीत स्वतःवर चिडत बसले.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात त्यांचं ब्रेकचं गॅरेज होतं. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाविरुद्ध तक्रार केली नव्हती. एकदा एका गिऱ्हाइकाने त्यांचीच पिकअप मागून नेली आणि दुभाजकावर चढवली, तर ते त्याला म्हणाले होते की गाडी वर मात्र सरळ चढवलीत.

अशा माणसावर तक्रार करायची वेळ आली ती नातीमुळे. हिबा नऊ वर्षांची, मुलगी उझमाची लेक. तिला फिट येत. चालता चालता मध्येच शरीर कडक व्हायचं आणि पोरगी धाडकन खाली. तीन औषधं बदलून झाली, फिट काही हटेनात. शाळेत पोहण्याच्या तासाला तिला पाण्यात उतरू देत नसत. ती बाकावर बसून सगळ्या वर्गाचे टॉवेल सांभाळायची. बाईंनी तिला कौतुकाने टॉवेल-मॉनिटर केलं होतं. हिबाला त्या पदाचा मनापासून तिटकारा होता.

मग डॉक्टरीणबाईंनी एका तेलाचं नाव काढलं. थेंब-थेंब जिभेखाली द्यायचं. पण ते निघतं गांजाच्या झाडापासून. खैरुद्दीननी जन्मात विडी ओढली नव्हती. त्यांनी दवाखान्यातच कानाला हात लावले. बाईंनी समजावलं की नशा आणणारा भाग त्यातून काढून टाकलेला असतो आणि बाहेरच्या काही देशांत अशा मुलांना ते देतात. शेजारी बसलेल्या मैमुनाबींना हे नवऱ्याच्या आधी पटलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे काटे काढलेला मासा. मग पोराला भरवायला काय हरकत?"

हरकत एवढीच होती की रुग्णाच्या नावाने खास परवानगी मिळाल्याशिवाय त्यातला एक थेंबही देशात आणता येणार नव्हता. रत्नागिरीहून भाच्याने उत्साहाने फोन केला, की बाटली आंबोशीच्या पिशवीत घालून आणतो, कोण बघतंय. खैरुद्दीननी फोन कापला, आणि भाच्याने पुन्हा लावला तर उचलायचा नाही असं घरात बजावून ठेवलं. ज्या देशात मसाल्याची खसखस आणता येत नाही, तिथे हा मुलगा आंबोशीवर भरवसा ठेवून विमानात बसणार होता.

म्हणून अर्ज. टायपिंग सेंटरमधला माणूस तो भरून देई, खैरुद्दीन तो काउंटर सातवर नेत, शम्मा तो मशीनमध्ये घाली, आणि मशीन अर्ध्या मिनिटात सांगे: अपूर्ण. काय अपूर्ण, ते मशीन सांगत नसे.

दुबईत ऊद मेथा भागात विभावरी राहायची. मूळची पुण्याची, एका मोठ्या कंपनीत ग्राहक-समाधान खात्याची मॅनेजर. तिचा नवरा प्रकाश याच्या पायात मज्जातंतूंच्या आजाराने असे पेटके येत की बिचारा रात्रंदिवस दात आवळून बसे. त्यालाही त्याच झाडापासूनचं एक औषध हवं होतं, त्याचाही अर्ज परत येत होता. दवाखान्याच्या बाकावर ओळखी होत होत अशी पाच कुटुंबं जमली. त्यातला वासिफ तर रास अल खैम्याहून, टाइल्सच्या कारखान्यातली पाळी संपवून दीड तास गाडी मारत यायचा. त्याच्या बायकोलाही हिबासारख्याच फिट येत.

ही संस्था नव्हती. संस्थेला परवाना लागतो. ही फक्त दर शुक्रवारी विभावरीकडे पोहे खायला येणारी पाच कुटुंबं होती, आणि पोह्यांना परवाना लागत नाही.

पोहे खाता खाता विभावरीने योजना मांडली. मोर्चा नाही, घोषणा नाही, सह्यांची मोहीम नाही. त्यांनी स्वतःच मशीन ठेवलंय, स्वतःच विचारतायत खूश आहात का. खरं उत्तर देणं हा काही गुन्हा नव्हे. दर सोमवारी साहेबाच्या टेबलावर तक्ता जातो. एका काउंटरवर सारखे लाल दिसले की साहेब खाली येऊन विचारतोच. हे ती अनुभवाने सांगत होती. तिच्या कंपनीत दोन लाल चेहऱ्यांवरून एका माणसाची बदली झाली होती.

तिने पुठ्ठ्यावर तीन चेहरे काढून तालीमही घेतली. एकेकाने उठायचं, खोटा अर्ज परत घ्यायचा, लाल दाबायचा. वासिफने दाबला. प्रकाशने काठीच्या टोकाने दाबला. खैरुद्दीननी दाबला आणि पुठ्ठ्याला "माफ करा हां" म्हणाले. विभावरीने त्यांना तीनदा परत दाबायला लावलं. तिसऱ्यांदा ते नुसतेच पुटपुटले, ती प्रगती धरण्यात आली.

पुढचे दोन महिने पाचही घरांनी आपापले अर्ज नेले. आणि शुक्रवारी पोह्यांबरोबर अहवाल येऊ लागले. खैरुद्दीननी दोन खजूर खाल्ले होते, त्यामुळे हिरवा. वासिफ रागाने पेटूनच गेला होता, पण शम्माने त्याला, एवढ्या लांबून आलास, आधी पाणी पी, असं म्हटल्यावर त्याचे डोळेच भरले. हिरवा. प्रकाशसाठी ती काउंटर सोडून खुर्ची घेऊन आली. हिरवा.

"प्रकाश, तू इंजिनिअर आहेस," विभावरी म्हणाली. "एक बटण दाबता येत नाही तुला?"

"तू जाऊन ये एकदा," प्रकाश म्हणाला.

विभावरी गेली. परत आली ती सरळ स्वयंपाकघरात, आणि बराच वेळ कांदे चिरत राहिली. शेवटी प्रकाशने विचारलंच. शम्माने तिच्या साडीचं कौतुक केलं होतं. नारायणपेठ, आईची. गेल्या सहा वर्षांत दुबईत कुणाचं त्या साडीकडे लक्ष गेलं नव्हतं. बोट घसरलं, असं विभावरीचं अधिकृत म्हणणं होतं. कुठे घसरलं, ते कुणी विचारलं नाही.

नवव्या आठवड्यात खैरुद्दीनच्या मोबाईलवर संदेश आला. अभिनंदन. आपण या तिमाहीतले आमचे सर्वाधिक आनंदी ग्राहक ठरला आहात. काउंटर सात हा सर्वाधिक आनंद देणारा काउंटर ठरला आहे. बुधवारी सकाळी दहा वाजता छोटासा समारंभ. कृपया सहकुटुंब यावे.

शुक्रवारचे पोहे त्या वेळी कुणाच्या घशाखाली उतरेनात. पाच घरांनी नऊ आठवडे चळवळ केली होती आणि तिचं फळ म्हणजे चळवळीतल्याच एकाला आनंदाचं प्रमाणपत्र मिळणार होतं. वासिफच्या मते बुधवारी जाऊच नये. विभावरीच्या मते जायलाच हवं, कारण साहेब समोर असणार. तिने इंग्रजीत दोन पानांचं निवेदन लिहून खैरुद्दीनच्या खिशात घातलं. मैमुनाबींनी इस्त्रीचा पठाणी काढून ठेवला. उझमाला सुट्टी मिळेना, त्यामुळे सोबत हिबा गेली, शाळा बुडवून. शाळा बुडणार म्हटल्यावर तिने हा समारंभ म्हणजे काय हेसुद्धा विचारलं नाही.

फुगे होते, हिरव्या चेहऱ्याचा केक होता. शम्मा नव्या अबायात लाजून उभी होती. तिच्या शेजारी तिचे साहेब, अंगात पायघोळ पांढराशुभ्र कंदुरा, हातात माइक. त्यांनी टाळ्या वाजवल्या, प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला, आणि मग खैरुद्दीनसमोर माइक धरून हिंदीत विचारलं की आमच्या सेवेतलं आपल्याला सगळ्यात जास्त काय आवडलं.

खैरुद्दीननी खिशातलं निवेदन काढलं. चष्मा गॅरेजमध्ये ब्रेकच्या डब्यावर राहिला होता. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला, आणि घडी करून परत खिशात ठेवला.

"खजूर," ते म्हणाले.

लोक हसले. साहेबही हसले. खैरुद्दीनना वाटलं, आता बसावं. एकतीस वर्षांची सवय त्यांना खुर्चीकडे ओढत होती. खाल्ल्या खजुराला जागायचं तर इथेच थांबायला हवं होतं. तेवढ्यात साहेबांनी माइक खाली, हिबासमोर नेला आणि प्रेमाने इंग्रजीत विचारलं, आणि तुला, बेटा?

हिबाने केकवरून नजर काढली. "एव्हरीवन इज व्हेरी नाइस," ती म्हणाली. जरा विचार केला. "आय स्टिल फॉल डाउन."

माइक चांगल्या प्रतीचा होता. मागच्या रांगेपर्यंत नीट ऐकू गेलं.

साहेबांनी खैरुद्दीनकडे पाहिलं. आता मात्र खैरुद्दीन बसले नाहीत. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सगळं सांगितलं: फिट, तेल, डॉक्टरीणबाईंचं पत्र, सहा वेळा परत आलेला अर्ज. आणि ते एकटेच नाहीत, अशी पाच घरं आहेत, आणि इथली सगळी हिरवी बटणं त्या पाच घरांचीच आहेत. आम्हाला चोरून काही आणायचं नाही, म्हणाले. तुम्हाला विचारूनच आणायचंय. तुम्ही एकदा वाचून तरी बघा, मग नाही म्हणा.

शम्माचा चेहरा उतरला होता. साहेबांनी माइक बंद केला.

"सहा वेळा काम झालं नाही," ते म्हणाले, "आणि सहाही वेळा तुम्ही हिरवा दाबला. का?"

"साहेब, खजूर खाल्ला होता."

साहेबांनी माइक शम्माच्या हातात दिला. मग केक तसाच ठेवून काउंटर सातच्या मशीनसमोर जाऊन बसले. वीस मिनिटांत उलगडा झाला. अर्जात औषधाचं नाव एका यादीतून निवडावं लागे. हे तेल त्या यादीत नव्हतं. यादीत नाही म्हणून रकाना रिकामा, रकाना रिकामा म्हणून अर्ज अपूर्ण. एकाही माणसाने डॉक्टरीणबाईंचं पत्र उघडलेलं नव्हतं. नकारसुद्धा कुणी दिला नव्हता. सहा वेळा त्यांना एका रिकाम्या चौकोनाने परत पाठवलं होतं.

साहेबांनी पाचही घरांची कागदपत्रं हातात मागवली आणि डॉक्टरांच्या समितीपुढे नेतो म्हणाले. शब्द देत नाही, वाचतील एवढं नक्की. इन्शाल्ला. विभावरीने ती फाइल त्याच दुपारी आणून दिली, रंगीत चिकटपट्ट्या लावून, अनुक्रमणिकेसह. ती तिने तिसऱ्या आठवड्यापासूनच तयार ठेवली होती. मैमुनाबींनी फोनवर फक्त केक आणला का एवढंच विचारलं.

महिन्याभराने हिबाच्या नावाचं पत्र आलं. तीन महिन्यांसाठी, तीन बाटल्या, दवाखान्यामार्फत. पाठोपाठ वासिफच्या बायकोचं आलं, मग आणखी एकाचं. हिबाच्या मते तेलाची चव जुन्या मोज्यासारखी होती. मोजा कधी चाखलास, असं नानांनी, म्हणजे खैरुद्दीननी, विचारल्यावर तिने बाटलीचं बूच घट्ट लावून टाकलं. पहिल्या पंधरवड्यात दोनदा पडली. पुढच्यात एकदा. मग मैमुनाबींनी कॅलेंडरवर फुल्या मारायचं सोडलं, कारण मोजलं की नजर लागते.

एका मंगळवारी शाळेने तिला उथळ पाण्यात उतरू दिलं, शिक्षिका शेजारी उभी. बाकावर शारजाचे एक ब्रेकवाले बसले होते, मांडीवर एकच टॉवेल घेऊन. हिबा पाण्यातून ओरडली, "नाना, डोन्ट लूक सो वरीड." खैरुद्दीन म्हणाले, मी कुठे, मी टॉवेल सांभाळतोय.

तीन महिने संपत आले तसे ते मुदत वाढवायला पुन्हा काउंटर सातवर गेले. या वेळी अर्ध्या मिनिटात काम झालं. त्यांचं प्रमाणपत्र शम्माने काउंटरमागच्या भिंतीवर फ्रेम करून लावलं होतं, फोटोत हिबा केककडे बघत होती. शम्माने शिक्का मारला, कहवा ओतला आणि खजुराची बशी पुढे केली.

खैरुद्दीननी बशी हलकेच परत सरकवली.

"आज आधी बटण," ते म्हणाले. "मग खजूर."

त्यांनी स्क्रीनवर बोट नेलं. हिरव्यावर गेलं, तिथे अडलं. मग बाजूला सरकून पिवळ्यावर टेकलं. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला एवढं लागेल असं काही केलं नव्हतं.

"दोन घरं राहिलीत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "विभाताईचा प्रकाश, आणि शारजाची एक आजी. तुझ्यावर राग नाही, बेटा."

शम्माने स्क्रीनकडे पाहिलं. काउंटर सातवरचा त्या वर्षातला तो पहिला पिवळा चेहरा होता. तिने इकडेतिकडे बघून कागद ओढला, त्यावर दोन्ही नावं लिहून घेतली, आणि वर घेऊन जाते म्हणाली, सोमवारपर्यंत थांबायची गरज नाही.

मग तिने बशी परत पुढे केली. खैरुद्दीननी एक खजूर खाल्ला. थोडं थांबून दुसरा घेतला, आणि तिसरा प्रकाशसाठी खिशात टाकला.