अनायसाठी

सत्यभामेनं बाज पुन्हा आत ओढली. श्रावणनं सकाळीच ती छपरीत नेऊन टाकली होती. दुपार व्हायच्या आत तिनं ती होती तिथं भिंतीला लावली आणि उशाशी पाण्याचा गडवा भरून ठेवला.

श्रावण दारापर्यंत गेला, परत आला. फौजेतून सुट्टीवर आल्यापासून त्याचं असंच चाललं होतं. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठं जावं ते सुचत नसे.

बाज त्याच्या बापाची, देवरावची. तो वारला तेव्हा श्रावण आफ्रिकेत, काँगोत शांतिसेनेवर गेलेल्या भारतीय फौजेच्या इस्पितळात रोग्यांची उठबस करत होता. तार हाती पडली तोवर माती होऊन बरेच दिवस उलटले होते. काका भीमराजनं सारं नव्या रीतीनं केलं. वंदना घेतली, तेरवी नाही, पिंड नाही. सत्यभामेची त्याला ना नव्हती. नागपूरला दीक्षा घेताना ती देवरावच्या शेजारीच उभी होती, आणि घरचे देव तिनं स्वतः नदीत सोडले होते. पण आता जेवता जेवता ती घास तसाच धरून कान देई. ते गेले नाहीत, एवढंच म्हणे. भीमराज चिडे. समाजात तोंड कसं दाखवायचं, तुझ्या मायला समजाव, असं त्यानं श्रावणला बजावलं होतं.

त्या दुपारी सारं गाव कापूस वेचायला गेलेलं. मुकुटबनच्या वाटेवर चिटपाखरू नव्हतं. श्रावण बाजेजवळ खाली बसला आणि कुणालाच न सांगितलेलं मायला सांगू लागला.

त्याच्या वॉर्डात अनाय नावाचा शिपाई होता, माली देशातून शांतिसेनेत आलेला, डोगोन जमातीचा. त्याचं फ्रेंच बोलणं पाँडिचेरीचा एक कंपाउंडर उलगडून सांगे. अनायचं गाव मातीच्या घरांचं, उंच कड्याला चिकटलेलं. परका धर्म घ्यावा लागू नये म्हणून त्याचे वाडवडील त्या कड्याच्या आसऱ्याला आले होते. श्रावणला हसू आलं. आम्ही जुना धर्म टाकला तेव्हा कुठं मान वर झाली, असं त्यानं सांगितलं. अनाय मग म्हणाला, म्हणजे तुम्हालाही तुमचा कडा सापडला.

तिकडं माणूस मेला की दोरांनी वर ओढून कड्यातल्या गुहेत ठेवतात. पण तेवढ्यानं तो जात नाही, घराभोवती घुटमळत राहतो. पुढं कधीतरी, कणग्या भरल्या की, पुरुष लाकडी मुखवटे चढवून नाचतात. मग त्याला वाट मिळते.

अनाय तापानं गेला. काँगोच्याच लाल मातीत त्याला पुरलं. माझ्यासाठी कोण नाचेल, हेच तो शेवटपर्यंत विचारत राहिला, आणि श्रावण त्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत राहिला.

"मंग?" सत्यभामेनं विचारलं. "नाचलं कोण त्याच्यासाठी?"

"कोणी नाही, माय."

"तू काहून नाही?"

"मी फौजी माणूस. अन् आपल्यात आता असं काही..."

ती बाजेची सुतळी चाचपत राहिली.

"एकेकाचं येगळं करतात का ते?"

"नाही. मागच्या नाचानंतर जे जे गेले, त्या साऱ्यायचं एकदाच."

"अन् बायका?"

"बायका दूर राह्यतात. पाहत नाहीत."

सत्यभामा उठली. खुंटीवरचा देवरावचा दुपट्टा तिनं काढला, झटकला आणि श्रावणच्या गुडघ्यावर ठेवला. मग बाहेर जाऊन कवाड ओढून घेतलं. त्यानं फटीतून पाहिलं तर ती अंगणात घराकडे पाठ करून बसली होती.

श्रावणनं दुपट्टा तोंडावरून बांधला. पावलं कशी टाकायची ते अनायनं कधी सांगितलं नव्हतं. तो नुसता उभा राहिला. मग एक पाय उचलून जमिनीवर टाकला, मग दुसरा.

"जोरानं," ती मागं न वळता म्हणाली. "त्यायले लांब जायाचं हाये."