पुढे गेलेल्याला हाक नाही

"सर, यंदा त्या बांधावरशी पोरांना नेऊ नका," धर्मराज म्हात्रे दारातूनच म्हणाला. चपला काढून आत यायची त्याची तयारी दिसेना.

आबा जमिनीवर बसून बटाटे निवडत होते. मार्केटमधून आणलेली गोणी त्यांनी वर्तमानपत्रावर ओतली होती आणि निखाऱ्यात भाजायला बरे, मध्यम आकाराचे ते वेगळे काढत होते. त्यांची मुलगी तेजश्री शेजारी बसून स्काउट पथकाचे स्कार्फ इस्त्री करत होती.

"का? काय झालं बांधाला?"

"उघाडी मोरलीय. आन भरावाच्या गाड्यांना वाट कराला कुनीतरी बांध पन कापलाय. भरतीला पानी सरळ आत येतं. आमचे गावची मानसं पन जात नाय तिकडं."

उघाडी म्हणजे खाडीचं पाणी मिठागरात सोडायचं आणि अडवायचं लाकडी दार. ते दार धर्मराजच्या बापानं सांभाळलं होतं, मग धर्मराजनं. आता मिठागर बंद होतं आणि जुईनगरच्या नव्या स्टेशनमागे धर्मराजच्या भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या.

"पथक काढल्यापासून दर वर्षी त्याच बांधावरून जातोय मी, धर्मराज. तू मिठागरात होतास तेव्हापासून."

"तवा बांध आमी राखायचो. आता कोन राखतो? आता आमी बसून भारा खातो." तो हसला, पण नजर बटाट्यांवरच राहिली.

"आवं, आयका की त्यांचं," चुलीपाशी उभ्या राजाबाई म्हणाल्या. स्टोव्हला त्या अजून चूलच म्हणत. "ह्या वयात हाफ पँट घालून चिखलात शिरायचं म्हंजी..."

"गणवेश हाय तो."

"गनवेश! मार्केटातली मानसं इच्यारत्यात मला, शेलारमामांनी परत शाळंत नाव कवा घातलं."

तेजश्री हसली. धर्मराजही हसला. आबांनी मान खाली घातली, पण त्यांचेही खांदे हलत होते. त्या हसण्यात बांधाचा विषय कुठेतरी घरंगळून गेला. निघताना आबांनी त्याच्यापुढे डावा हात केला. स्काउटांचं हस्तांदोलन डाव्या हाताचं. धर्मराजला ते कधीच जमलं नव्हतं; त्यानं आपल्या दोन्ही हातांनी तो हात धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"भरती बघून जा तरी," तो म्हणाला.

"बघतो," आबा म्हणाले.

तो शनिवार होता. रात्री जेवणात मेथी होती. आबांनी भाकरी मोडताना तेजश्रीला विचारलं, कॉलेजच्या पुस्तकांतून वेळ मिळाला तर उद्या बटाटे आणशील का पोरांबरोबर? ती हो म्हणाली.

आबा, म्हणजे भैरू शेलार, कांदा-बटाटा मार्केटात मापाडी होते. साताऱ्याकडच्या शाळेत कधीकाळी स्काउट होते, एवढ्या भांडवलावर त्यांनी पथक काढलं. माथाड्यांची पोरं दिवसभर गोण्यांच्या थप्प्यांवर घसरगुंडी खेळायची आणि संध्याकाळी एकमेकांची डोकी फोडायची, ती त्यांना बघवेनात. पहिले स्कार्फ राजाबाईंच्या हिरव्या लुगड्यातून निघाले. झेंड्याची काठी केळ्यांच्या ट्रकमधल्या बांबूची. संघांना वाघ-सिंहांची नावं द्यायची रीत, पण आबा म्हणाले की इथं खाडीकाठी वाघ कोण बघायला गेलंय. म्हणून टिटवी संघ, खंड्या संघ, बगळा संघ. टिटवी संघात पुढे मुलीही आल्या. सानपाड्यातल्या फ्लॅटवाल्यांनी आपली मुलं पाठवायला सुरुवात केली, तेव्हा आबांनी त्यांना पहिलं काम दिलं ते चटया झाडायचं.

फेब्रुवारीत स्काउटांच्या चिंतन दिनानंतरच्या रविवारी पथकाचा माग असायचा. स्काउटमास्तरनं पहाटे एकट्यानं पुढे जायचं, वाटेवर खुणा सोडायच्या: दगडांचा बाण, गवताची गाठ, चुन्याचा ठिपका. मुलांनी मागून खुणा वाचत जायचं. शेवटी, मिठागरातल्या पडक्या खोपीपाशी, सर निखारे पेटवून बसलेले असायचे. यात एकच नियम कडक होता. पुढे गेलेल्याला हाक मारायची नाही. ज्यानं हाक मारली तो संघ बाद. डोळे उघडे ठेवले तर हाक लागत नाही, असं आबा म्हणायचे. पुढे गेलेल्यानंही शिटी वाजवायची नाही. मुलांना ते फार आवडायचं. वर्षातल्या एवढ्याच सकाळी ती सगळी गप्प असत.

त्या रविवारीही ती गप्पच चालली. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. वारा जमिनीकडून खाडीकडे वाहत होता. सतरा वर्षांचा राजवर्धन सगळ्यांत पुढे होता, त्याच्यामागे तिन्ही संघ, आणि शेवटी बटाट्यांची पिशवी घेऊन तेजश्री. खुणा सुरेख होत्या. एका ठिकाणी आबांनी शिंपल्यांचा बाण केला होता, तो ओलांडताना लहानगी वैष्णवी खाली वाकून बघत राहिली.

बांधाच्या तोंडाशी दगडांचा बाण होता. त्याचं टोक बांधाकडे होतं, आणि थोडं पुढे गेल्यावर बांध नव्हता. तपकिरी पाणी होतं, आवाज न करता आत येणारं. पलीकडे खोपी दिसत होती. धूर दिसत नव्हता.

"सर पलीकडे असतील," राजवर्धन कुजबुजला. "भरती आहे ना. पाणी उतरलं की जाऊ."

"निखारे नाही पेटवले?" वैष्णवीनं विचारलं.

"ओली असतील लाकडं. बस खाली."

"हाक मारू?"

"येडी आहेस काय? बाद व्हायचंय?"

मुलं बांधावर ओळीनं बसली. कुणी गाठी मारायचा सराव केला, कुणी शिंपले पाण्यात टाकले. तेजश्रीनं पिशवी मांडीवर घेतली. ऊन चढत गेलं, पाणी वर येत गेलं. एक टिटवी पलीकडे पाण्यावर ओरडत पुन्हा पुन्हा घिरट्या घालत होती, आणि बगळा संघातला एक जण हळूच म्हणाला की टिटवी संघ बाद. सगळी तोंडं दाबून हसली. तेजश्रीही हसली. मग ती टिटवी कशावर ओरडते आहे हे तिनं बघितलं, आणि ती पुन्हा हसली नाही. खोपीच्या अलीकडे, जिथे बांध कापलेला होता, तिथे पाण्यावर काहीच नव्हतं. पक्षी त्या काहीच नसलेल्या जागेवर फिरत होता.

कुणीही हाक मारली नाही.

पाणी उतरायला लागलं तेव्हा, पथक अजून परतलं नाही हे कळून, धर्मराज गावच्या माणसांना घेऊन धावत आला. मुलं रिकाम्या खोपीकडे तोंड करून ओळीनं बसलेली बघून तो जागीच थांबला. त्याला काही विचारावं लागलं नाही. त्यानं तेजश्रीला फक्त म्हटलं, "बाय, पोरांना घेऊन घरा जा. मागं बगू नको."

आबा कापलेल्या जागेच्या गाळात सापडले. कमरेपर्यंत रुतले होते. शिटी गळ्यात होती. ती वाजली होती की नाही हे कुणालाच सांगता आलं नाही. वारा उलटा होता.

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. बोलणाऱ्यांनी आबांना दीपस्तंभ म्हटलं, वचनाला जागलेला माणूस म्हटलं. शेवटपर्यंत त्यांनी स्वतःचा नियम मोडला नाही, असं एक जण म्हणाला आणि हॉल हुंदक्यांनी भरून गेला. तेजश्रीनं पुष्कळ वाचलं होतं. मेलेल्या माणसाला शब्दांनी कसं सजवतात हे तिला ठाऊक होतं. आपल्याच माणसाला सजवताना मात्र ती पहिल्यांदाच बघत होती. पथकाच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं गेलं: पुढे गेलेल्याला हाक नाही. जाता-येता मुलं त्या अक्षरांना सलाम करू लागली.

घरी त्याविषयी बोलणं होत नसे. एकदाच, तांदूळ निवडता निवडता राजाबाई म्हणाल्या, "कुनीतरी हाळी द्याया पायजे हुती त्यास्नी." तेजश्री ताटातले खडे वेचत राहिली. आबांच्या समोर ती कधी उलट बोलली नव्हती; आता भिंतीवरच्या आबांसमोर तर ते अधिकच अवघड होतं.

फेब्रुवारी पुन्हा आला. राजवर्धन आता पथक सांभाळत होता. त्यानं मिशी ठेवली होती आणि आबांसारखा मोज्यांत स्कार्फची पिन खोचायला लागला होता.

"ताई, माग मीच घालणार आहे," तो म्हणाला. "त्याच खाडीवर. दुसरा बांध आहे, मजबूत. मी बघून आलोय."

"धर्मराजकाकांना विचारलंस?"

"ते तर काय, कायम टेन्शनच देतात." तो कसंनुसं हसला. "सरांची वाट आहे, ताई. बंद कशी पाडायची? नियम पण तोच ठेवलाय. तुमी दोन शब्द बोला फक्त. पोरांना बरं वाटेल."

पहाटेच्या उजेडात मुलं ओळीनं उभी होती. नवी पुष्कळ होती, आबांना कधीच न पाहिलेली. टिटवी संघाच्या पुढे वैष्णवी होती, हातात संघाची काठी, ओठ घट्ट मिटलेले. रस्त्यापलीकडे धर्मराज उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. राजवर्धनच्या खांद्यावर चुन्याची पिशवी होती. तो निघायच्या तयारीत होता, पाय आधीच खाडीकडे वळलेले.

"सरांच्या कन्या आता आपल्याला मार्गदर्शन करतील," तो म्हणाला. मुलांनी सलाम केला.

तेजश्रीनं ते सगळे उचललेले हात बघितले. आधी तिनं राजवर्धनच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि खाली ठेवली.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. "तो बांध कापलाय हे आबांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी तिथंच बसले होते. त्यांनी ऐकलं नाही. तुमच्यातले जे तेव्हा बांधावर बसला होतात, तुमचं काही चुकलं नाही. तुमी त्यांचा नियम पाळत होता."

राजवर्धन पुढे झाला. "ताई—"

"थांब. माणूस दिसेनासा झाला की हाक मारायची. मोठ्यानं मारायची, आणि तो ओ देईपर्यंत मारत राहायचं."

"मला ते हवे होते अजून," ती म्हणाली. "पण आबांचं चुकलं."